शेतावरील मुक्काम व हिवाळ्याच्या लांब रात्री

हस्ताच्या पावसावर पेरलेली ज्वारी पोटरीत येऊन निसवू लागली, म्हणजे काळ्या रानाच्या मुलुखात शेतकऱ्याचे अर्धे बिऱ्हाड गावातून निघून शेतावर येते. माळा उभा राहतो, खोपीवर नवे पाचट पडते, घोंगड्या, कंदील व पाण्याची घागर येऊन पोहोचते आणि कणसे खळ्यात येईपर्यंतच्या रात्री तेथेच काढावयाच्या असतात. दिवसा भोरड्यांचे थवे उठवावयाचे व रात्री रानडुकरांस अटकाव करावयाचा, हे राखणदाराचे काम होय. पिकास कोणते खत घालावे व कोणते औषध फवारावे, याविषयी शेतकीच्या मासिकांतून पुष्कळ लिहून येते. परंतु राखणीस बसलेल्या माणसाने ती लांब रात्र कशी काढावी, हा प्रश्न क्षुल्लक समजून त्यास सहसा कोणी हात घालीत नाही. वस्तुतः तो क्षुल्लक नाही. ज्याची रात्र सुखाने जाते त्याचीच राखण नीट होते, आणि ज्यास ती खावयास उठते तो ती टाळण्याचे मार्ग शोधू लागतो. ते मार्ग कोणते व त्यांचा शेवट कोठे होतो, हे प्रथम सांगून नंतर उपायांकडे वळतो.

कंटाळ्याची किंमत

तहसील कचेरीत कारकुनी करीत असता ज्या कागदांस हात लावावयास मन धजत नसे, ते म्हणजे तारेत सोडलेल्या विजेने मेलेल्या माणसांचे. प्रकार ठरलेला असे. राखणीस कंटाळलेला मनुष्य शेताभोवती साधी तार ओढी, तीत पंपाच्या पेटीतील वीज सोडी व घरी जाऊन निजे. डुक्कर मरो अथवा न मरो, माणूस मात्र मरे. आणि तो माणूस परका क्वचितच असे. पहाटे दारे धरावयास आलेला भाऊ, वाट चुकलेला शेजारचा पोरगा, धारेच्या म्हशीमागे आलेली घरातलीच बाई, अशी ती नावे असत. हा कायद्याने गंभीर गुन्हा आहे, हे तर खरेच; परंतु गुन्ह्याची शिक्षा भोगून झाल्यावरही भावजयीस तोंड दाखवावयाचे राहतेच. ज्यास कुंपणच करावयाचे असेल त्याने सौर कुंपणाचे प्रमाणित यंत्र घ्यावे. त्यातून वीज सलग वाहत नाही, सुमारे सेकंदास एक असे क्षणिक ठोके येतात. जनावर दचकून मागे फिरते, प्राणास मुकत नाही. पंपाच्या विजेची तार व हे यंत्र यांत औषध व विष यांच्याइतके अंतर आहे.

दुसरा मार्ग बाटलीचा. थंडीत दारूने ऊब येते ही समजूत खोटी आहे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून अंग गरम झाल्यासारखे वाटते. पण तीच उष्णता बाहेर निघून जाते व शरीर आतून अधिकच गार पडते. शिवाय पिऊन निजलेल्या मनुष्यास डुक्कर शेतात शिरल्याचेच काय, शेकोटीने पाचट धरल्याचेही भान राहत नाही. तिसरा मार्ग पैसे लावून पत्ते कुटण्याचा. त्याची कथा प्रत्येक गावास ठाऊक आहे. चौथा मार्ग अलीकडचा, तो म्हणजे मोबाईल. त्याची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. पिकाची पाहणी नोंदविण्यापासून बाजारभाव पाहण्यापर्यंत त्याचा उपयोग आहे, व संकटाच्या वेळी हाक मारण्यास तो खिशात असावाच. परंतु राखणदारास त्याचा एक दोष बाधतो. मनुष्याच्या डोळ्यांस अंधार पुरता सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. उजळ पडद्यावर दृष्टी लावून बसलेला मनुष्य मान वर करतो, तेव्हा त्यास बांधापलीकडचे काही दिसत नाही. आणि कानांत गाणे भरले असल्यास ताटे मोडल्याचा आवाजही येत नाही. देहाने तो माळ्यावर असतो. राखण मात्र कोणीच करीत नसते.

या चारही मार्गांचे मूळ एकच आहे. हात रिकामे, मन रिकामे व समोर रात्र मोठी. तेव्हा उपायही त्या मुळावरच केला पाहिजे.

रात्र केवढी असते?

आपल्या भागात २१–२२ डिसेंबरच्या सुमारास रात्र सुमारे १३ तासांची होते. पण राखणदारास जाणवणारी गोष्ट निराळीच आहे. सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो त्या दिवशी नव्हे, तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. आणि सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याच्या सुमारास. सोलापूर, मंगळवेढ्याकडे नोव्हेंबरअखेर सहा वाजण्याच्या आतच दिवस बुडतो, व जानेवारीत सकाळी सात वाजले तरी ऊन पडत नाही. म्हणजे संध्याकाळ लांब वाटते ती मार्गशीर्षात आणि पहाट लांबते ती पौषात.

आता थोडा हिशेब करू. कणसे निसवल्यापासून काढणीपर्यंत सुमारे दीड महिना, म्हणजे ४५ रात्री धरू. सहा वाजता अंधार पडतो व दहा वाजता एक जण आडवा होतो असे धरल्यास रोजचे ४ तास, एकूण १८० तास झाले. आठ तासांच्या दिवसाने मोजल्यास हे साडेबावीस दिवसांचे काम आहे. इतके दिवस एखादा गडी फुकट मिळाला तर आपण त्यास बसवून ठेवू काय? मग स्वतःसच का बसवून ठेवावे?

हातास काम

सर्वांत प्रथम हात गुंतविले पाहिजेत. मन त्यांच्यामागून येते. आणि काम असे निवडावे की, ते करताना डोळे वर उचलता यावेत व कान मोकळे राहावेत. दोरकाम या कसोटीस पुरेपूर उतरते. अंबाडीचा अथवा घायपाताचा वाख काढून ठेवलेला असला, म्हणजे कंदिलाच्या मंद उजेडातही दावी, कासरे, शिंकी, मुसकी व गोफणी तयार होतात. नवख्या मुलांस एवढेच सांगावे की, दोराचे बळ पिळात आहे. प्रत्येक पेड एका बाजूस पिळावा व मग ते पेड एकमेकांवर उलट्या बाजूस वळावे. पेड उलगडू पाहतो तेव्हा दोर आवळतो, आणि दोर उलगडू पाहतो तेव्हा पेड आवळतो. या दोघांच्या ओढाताणीतच दोर घट्ट राहतो. एका संध्याकाळी किती हात दोर वळून झाला ते मोजून ठेवावे. मोजलेल्या कामाने मनास जे समाधान होते ते न मोजलेल्या कामाने होत नाही.

बाजारात नायलॉनचा दोर स्वस्त मिळत असता ही यातायात कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर असे की, दोराची किंमत वाचते हा लाभ लहान आहे. हात गुंतल्यामुळे रात्र वाचते हा मोठा.

दुसरे काम भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे. ज्याच्याकडे पाण्याची सोय आहे व जो जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उन्हाळी भुईमूग पेरणार आहे, त्याने बियाणे हातानेच फोडावे. यंत्रात दाणा चिरतो व त्यावरील तांबूस पापुद्रा निघतो, म्हणजे उगवण घटते. वाणाप्रमाणे एकरी ४० ते ५० किलो दाणे लागतात. शेंगांत दाण्यांचे प्रमाण शेकडा ७० धरल्यास ४५ किलो दाण्यांस सुमारे ६५ किलो शेंगा झाल्या. फोडलेला दाणा फार दिवस ठेवल्यास त्याची उगवणशक्ती कमी होते, म्हणून पेरणीपूर्वीच्या आठदहा दिवसांतच हे काम उरकावे. दहा रात्रींत वाटल्यास रोज साडेसहा किलो शेंगा येतात. तीन माणसे गप्पा मारीत बसली तर त्याचे ओझे वाटत नाही.

त्याच बैठकीत उगवणीची परीक्षाही होते. सरसकट १०० दाणे मोजून घ्यावे, भिजवून पिळलेल्या गोणपाटावर ओळीने मांडावे, गुंडाळी करून खोपीच्या उबदार कोपऱ्यात ठेवावी व रोज पाणी शिंपावे. आठवड्याने किती उगवले ते मोजावे. भुईमुगाचे ७० हून कमी उगवल्यास ते बियाणे पेरण्यास योग्य नाही असे समजावे. ही मोजणी मुलांकडे द्यावी. शाळेतील शेकडेवारी त्यांस कंटाळवाणी वाटते, पण गोणपाटातील शेकडेवारीकडे ती सकाळी उठल्याबरोबर धावतात.

डोळ्यांस काम

शेतावरील रात्रीस गावातील रात्रीहून अधिक काय मिळाले असेल तर ते आकाश. हिवाळ्यात ते धुऊन पुसल्यासारखे स्वच्छ असते, व वर्षातील सर्वांत तेजस्वी ताऱ्यांचा मेळा याच ऋतूत संध्याकाळपासून डोक्यावर चढतो. पूर्वीचे शेतकरी घड्याळावाचून पाळी बदलीत ती याच्याच आधारावर, व ती विद्या एका आठवड्यात शिकता येण्याजोगी आहे.

मृग नक्षत्राच्या मधोमध तीन तारे एका ओळीत आहेत, त्यांस आपण बाण म्हणतो. हा बाण बहुतेक ठीक पूर्वेस उगवतो व ठीक पश्चिमेस मावळतो, म्हणून प्रथम त्याने दिशा कळतात. डिसेंबरच्या मध्यास तो मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळाने सर्वांत उंच येतो, जानेवारीच्या मध्यास रात्री दहा-साडेदहास, व फेब्रुवारीच्या मध्यास सव्वाआठ-साडेआठास. कारण प्रत्येक तारा रोज सुमारे ४ मिनिटे आधी येतो, म्हणजे महिन्यास २ तास. सर्वांत उंच आल्यापासून सहा तासांनी बाण मावळतो. यावरून जानेवारीच्या मध्यास बाण पश्चिमेस टेकला, म्हणजे चार वाजून गेले व आता पहाट फार दूर नाही, असे समजावे.

बाणाची ओळ आग्नेयेकडे वाढविली की व्याध सापडतो. तो रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा होय. उलट दिशेस वाढविली की तांबूस रोहिणी व तिच्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे एक वीत उंच अगस्त्य चमकतो, तो तेजात दुसरा. वीत म्हणजे हात पूर्ण लांब करून धरलेली वीत. ती आकाशात सुमारे २० अंश व्यापते, व मूठ १० अंश. आकाश तासास १५ अंश फिरते, म्हणजे बाणाजवळचे तारे दीड मूठ सरकले की एक तास झाला. उत्तरेकडे ध्रुव जितका उंच दिसतो तितके आपल्या गावाचे अक्षांश. मंगळवेढ्याकडे ते साडेसतराच्या आसपास आहेत, म्हणून ध्रुव तेथे वितीहून थोडा खाली सापडतो. जानेवारीच्या मध्यास साडेअकराच्या सुमारास सप्तर्षी ईशान्येस पुरते वर आलेले असतात. जुन्या माणसांनी त्यांत म्हातारीची बाज व ती पळविणारे तीन चोर पाहिले. ती गोष्ट आजोबांच्या तोंडून ऐकलेला मुलगा उत्तर दिशा जन्मात विसरत नाही.

या विद्येचा राखणीस प्रत्यक्ष उपयोग असा की, आकाश पाहणाऱ्याचे डोळे अंधारास सरावलेले राहतात. जो तारे मोजतो त्यास बांधावरची सावलीही दिसते.

कानास व वाणीस काम

माणसाचा आवाज हेच राखणीचे सर्वांत जुने हत्यार आहे. म्हणून रात्री मुकाट बसू नये. भजन, ओवी, गोष्ट, जे येत असेल ते मोठ्याने चालू द्यावे. गळा गोड असण्याची अट डुकरांनी घातलेली नाही. शेजारच्या माळ्यांनी आपसांत एक रीत ठरवावी की, दर तासास एकाने हाक द्यावी व दुसऱ्याने ओ द्यावी. ओ आली नाही तर दोघांनी मिळून जाऊन पाहावे. यात राखणही होते, व एकट्या म्हाताऱ्यास रात्री काही झाले तर ते सकाळपर्यंत अज्ञात राहत नाही. उसाच्या पट्ट्यात जेथे बिबट्याचा वावर आहे तेथे तर एकट्याने हिंडूच नये. बोलत, उजेड घेऊन, जोडीने जावे.

ऐकण्याविषयी एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने मराठी मुलुखातील पाच जिल्ह्यांत, सुमारे १५० गावांत, एक प्रयोग केला. प्रत्येक गावी शेतकऱ्यांचे एक मंडळ बसवून आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे एकंदर २० कार्यक्रम त्यांस ऐकविले. एवढ्याने तो प्रयोग झाला नसता. त्याचे मर्म असे की, कार्यक्रम संपताच रेडिओ बंद करून मंडळाने ऐकलेल्या विषयावर आपसांत चर्चा करावयाची व शंका केंद्राकडे पाठवावयाच्या. नुसते ऐकणाऱ्यांपेक्षा ऐकून बोलणाऱ्यांच्या पदरात अधिक पडले, हे त्या प्रयोगातून दिसून आले. आजही हीच रीत उपयोगी आहे. मोबाईलवर शेतीविषयी एक भाषण ऐकावे, मग तो खाली ठेवावा, व आपल्या रानात हे कितपत लागू पडेल यावर अर्धा तास वाद घालावा. तसे केले तर मोबाईल राखणीचा शत्रू राहत नाही.

खेळही असावा, पण पैशावाचून. नवकंकरीस खर्च काहीच नाही. एकात एक असे तीन चौकोन कोळशाने आखावे, त्यांच्या बाजूंचे मध्य रेघांनी जोडावे. २४ घरे होतात. एकाने ९ हरभरे घ्यावे व दुसऱ्याने ९ तुरीचे दाणे. एका रेघेवर तीन आले की समोरच्याचा एक उचलावयाचा, व ज्याचे दोनच उरले तो हरला. एक डाव संपला की उठून शेताभोवती फेरी मारावयाची, असा नियम ठेवावा.

वही व सातबारा

माझा जन्म कागदांत गेला असल्यामुळे पुढील दोन गोष्टी मी आग्रहाने सांगतो. पहिली, शेताची वही. जेवणानंतर पाचच ओळी लिहाव्या. आज कोणते काम झाले, किती माणसे होती, काय खर्च झाला, पाणी कोठवर पोहोचले व कोणती नवी गोष्ट दिसली. ४५ रात्रींत २२५ ओळी होतात. तेवढ्या ओळींत दीड महिन्याचा खरा हिशेब राहतो. पीक कर्जाच्या वेळी, नुकसानीचा पंचनामा होतो तेव्हा अथवा भावाभावांत खर्चाची वाटणी करावयाची असते तेव्हा तोंडी आठवणीपेक्षा ही वही अधिक विश्वासाची ठरते. मुलांस तोंडी हिशेब घालावे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, व ४० गुंठे म्हणजे एक एकर. मग १३२ फूट लांब व १६५ फूट रुंद तुकडा केवढा? चार साखळ्या गुणिले पाच साखळ्या, म्हणजे २० गुंठे, अर्धा एकर. पावकी, निमकी, दीडकी ज्यांनी पाठ केली होती ती माणसे असे हिशेब चालता चालता करीत. ती पाठांतरे पुन्हा सुरू करण्यास माळ्यासारखी शाळा नाही.

दुसरी गोष्ट, आपला सातबारा एका रात्री घरातील सर्व माणसांसमोर मोठ्याने वाचावा. कचेरीत येणाऱ्या किती तरी खातेदारांनी तो काढलेला असे, पण वाचलेला नसे. वरचा भाग गाव नमुना सात, त्यात जमिनीवरील हक्क. खालचा नमुना बारा, त्यात पिके. क्षेत्र किती, पोटखराबा किती, आकार किती, हे पाहावे. ‘इतर अधिकार’ या सदरावर विशेष थांबावे. फेडलेल्या कर्जाचा बोजा तेथे तसाच राहिलेला नाही ना? विहिरीत दुसऱ्याचा हिस्सा लिहिलेला आहे काय? खातेदारांच्या नावांत वारलेल्या वडिलांचे नाव अद्याप चालू आहे काय? असल्यास वारस नोंद करून घ्यावी. जमिनीत हक्क प्राप्त झाल्यावर त्याची खबर तीन महिन्यांच्या आत द्यावी, असे १९६६ च्या जमीन महसूल संहितेत सांगितले आहे. आणि वारसांत बहिणींची नावे येतात. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीसही मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला आहे. या गोष्टी कचेरीच्या ओट्यावर घाईने व रागाने बोलण्यापेक्षा शेकोटीभोवती सावकाश बोलाव्या. पुष्कळ दावे असे असतात की, जे एका लांब रात्रीच्या मोकळ्या बोलण्याने उत्पन्नच झाले नसते.

जाळ, ऊब व झोप

शेकोटी माळ्यापासून, खोपीपासून व कडब्याच्या गंजीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास करावी. शेजारी पाण्याची घागर व माती ठेवावी. हुरड्याची आगटीही तशीच. गुळभेंडीची कणसे कोवळी असताना गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून, हातावर चोळून खाण्यातील सुख सांगावयास नकोच. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिच्या रानातील रात्रीस ते फार पूर्वीच मिळावयास हवे होते! मात्र उठताना आगटी मातीने बुजवावी. पेटलेली शेगडी बंद खोपीत घेऊन कधीही निजू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही व वास नाही. निजलेला मनुष्य त्याने जागाच होत नाही. रात्री फिरताना पायांत बूट व हातात बॅटरी असावी. थंडीत साप निघत नाहीत, या समजुतीवर घोणशीच्या बाबतीत विसंबू नये.

झोपेची चोरी करू नये. रात्रीचे चार प्रहर वाटून घ्यावे. पहिल्या प्रहरी सर्वांनी मिळून जेवण, हातकाम व वही. दुसऱ्या प्रहरी एकाने जागावे, तिसऱ्या प्रहरी दुसऱ्याने. आणि चौथ्या प्रहरी पहिल्याने पुन्हा उठून झाडलोट, चहा व जनावरांची वैरण पाहावी. एकटाच मनुष्य राखणीस ठेवून त्याने सर्व रात्र जागावे अशी अपेक्षा करणे हा अन्याय आहे. असा मनुष्य चार दिवसांत एक तर आजारी पडतो, नाही तर तार ओढण्याचा विचार करू लागतो.

सर्वांच्या रात्री सारख्या नसतात

वरील उपदेश ज्यांच्या संध्याकाळी मोकळ्या आहेत त्यांच्यासाठी आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. याच हिवाळ्यात बीड, अहिल्यानगरकडून आलेली ऊसतोड मंडळी फडाजवळ कोप्या घालून राहतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटेच्या अंधारात ती फडात उतरतात, व रात्री गाडी भरावयाची असेल तर संध्याकाळ त्यांस उरतच नाही. त्यांस दोर वळावयास सांगणे ही क्रूर थट्टा होईल. त्यांच्या कोपीजवळ दिवा, स्वच्छ पाणी व मुलांस रात्री बसून वाचता येईल अशी सुरक्षित जागा, एवढी सोय बागायतदाराने केली, तर त्याच्या पदरी पुण्य पडेल.

उलट मेंढपाळांपासून आपण शिकावे. दिवाळीच्या आगेमागे देशावरील धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जातात, व भात निघालेल्या रानांत मेंढरे बसवून खत देतात. आज एका शेतात तर चार दिवसांनी दुसऱ्यात, असा त्यांचा सगळा हिवाळा मुक्कामातच जातो. मेंढरे वाघरात घातली, चूल पेटली, की हातात टकळी व लोकर, तोंडी ओव्या, व कुत्र्याच्या भुंकण्याकडे एक कान, अशी त्यांची रात्र चालते. शेकडो ओव्यांच्या कथा त्यांच्या मुखी टिकल्या त्या अशाच रात्रींमुळे. रात्र लांब आहे अशी तक्रार त्यांच्यात होत नाही, कारण रात्र ही वाट पाहण्याची वेळ नसून जगण्याचीच वेळ आहे, असे ते धरून चालतात.

आपणही तसेच धरावे, एवढेच या लेखाचे तात्पर्य. प्रथम सर्वच करू जाऊ नये. या पौषात एक हातकाम, वहीच्या पाच ओळी व बाणावरून पाळी ओळखणे, इतक्या तीनच गोष्टी घ्याव्या. ज्याच्या शेताभोवती विजेची तार असेल त्याने मात्र ती उद्याची वाट न पाहता आजच दिवस मावळण्यापूर्वी काढावी, आणि घरातील एका तरुणास बरोबर घेऊन माळ्यावर जावे. पीक येईल त्या भावाने जाईल. परंतु त्या रात्री बापाजवळ बसून मुलगा जे शिकेल, ते कोणत्याही बाजारात विकत मिळणार नाही.